रक्तातला गहाळ तुकडा

२० डिसेंबर १९०६ रोजी ‘डोरिक’ ही आगबोट होनोलुलूच्या धक्क्याला लागली आणि तिच्यातून १५ फिलिपिनो उतरले. सगळे इलोकानो, म्हणजे उत्तर लुझोनमधल्या इलोकोस भागातले शेतकरी. हवाईच्या ऊसमळेवाल्यांच्या संघाने त्यांना करारावर आणले होते आणि तिथून त्यांची रवानगी झाली ओलाआच्या मळ्यावर. मळ्यावर मजुराच्या गळ्यात धातूचा एक बिल्ला येई. त्याला ‘बांगो’ म्हणत. बिल्ल्यावर नाव नसे, आकडा असे. हजेरी त्या आकड्यावर, पगार त्या आकड्यावर, मळ्याच्या दुकानातली उधारीही त्याच आकड्यावर. काही मळ्यांवर तर जपान्यांचा, चिन्यांचा, फिलिपिनोंचा अशा वंशागणिक बिल्ल्याचा आकारही निराळा असे.

मळेवाल्यांना फिलिपिनोच का हवे होते, याचे कारण कायद्यात होते. १८९८ मध्ये हवाई बेटे अमेरिकेत सामील झाली आणि चिनी मजुरांना बंदी घालणारा अमेरिकेचा १८८२ चा कायदा तिथेही लागू झाला. १९०७-०८ च्या समझोत्याने जपानी मजुरांचा ओघही आटला. फिलिपिन्स मात्र १८९८ पासून अमेरिकेच्याच ताब्यात होते. तिथल्या माणसाला नागरिकत्व नव्हते, पण तो अमेरिकी प्रजाजन होता. त्याला अडवणारा कायदा नव्हता. १५ जणांमागून हजारो आले. १९३४ मध्ये अमेरिकेने ही वाट जवळजवळ बंद केली. तरी १९४६ मध्ये, फिलिपिन्स स्वतंत्र होण्याच्या तोंडावर, खास सवलतीने सुमारे ६,००० मजुरांची शेवटची मोठी तुकडी आली. त्या ४० वर्षांत लाखाहून अधिक फिलिपिनो हवाईला गेले. त्यांना ‘साकाडा’ म्हणतात.

या लाखभर माणसांतल्या काहींच्या रक्तात एक दोष होता. त्यांना त्याचा पत्ता नव्हता, मळ्यावरच्या डॉक्टरलाही नव्हता. या दोषाची हकीकत सांगताना एक गोष्ट मला सारखी दिसत राहते. फिलिपिनो लोकांचा आनुवंशिक रक्तविकार जनुकांपर्यंत उलगडला तो बहुतांशी फिलिपिन्सच्या बाहेर: हवाईत, ऑक्सफर्डला, सिडनीत, कॅनडात, तैवानात. माणसे पोटासाठी जिथे जिथे गेली, तिथल्या दवाखान्यांत त्यांचे रक्त तपासले गेले आणि मायदेशाला ते ज्ञान मागाहून मिळाले.

आजाराचे नाव थॅलेसेमिया, आणि गोंधळाची सुरुवात या नावापासूनच आहे. १९२५ मध्ये डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली आणि त्यांच्या सहकारी पर्ल ली यांनी काही मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. रक्त अतिशय कमी, प्लीहा आणि यकृत वाढून पोट पुढे आलेले, गालाची व कपाळाची हाडे रुंदावलेली. मुले बहुतेक इटालियन आणि ग्रीक घरांतली. पुढे १९३२ मध्ये जॉर्ज व्हिपल आणि विल्यम ब्रॅडफर्ड यांनी ‘थॅलासा’, म्हणजे समुद्र, या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. समुद्र म्हणजे अर्थातच भूमध्य समुद्र. डेट्रॉइटला इटालियन आणि ग्रीक लोक स्थायिक झाले होते म्हणून आजार तिथे दिसला, आणि दिसला तेवढ्यावरून त्याचा मुलूखही ठरून गेला.

आशियातल्या मुलांना या नावाची फार किंमत मोजावी लागली, असे मला वाटते. आजार भूमध्य समुद्राकाठचा, असे पुस्तकातच छापलेले असल्यावर मनिलाच्या किंवा मुंबईच्या डॉक्टरला फिकटलेल्या पोरात तो कसा दिसावा? खरे तर कलकत्त्याच्या डॉ. मुखर्जींनी १९३८ मध्येच भारतातला रुग्ण नोंदवला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड वेदरॉल हा तरुण ब्रिटिश डॉक्टर सक्तीच्या लष्करी सेवेसाठी सिंगापुरात होता. एका गुरखा सैनिकाची लहान मुलगी त्याच्या वॉर्डात होती. रक्त चढवले की ती तरतरीत होई, काही आठवड्यांनी पुन्हा पांढरी फटक पडे आणि कारण कुणालाच सांगता येईना. वेदरॉल आणि जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेला यांनी मोटारीच्या बॅटऱ्या जोडून, कागदाच्या पट्टीवर तिचे हिमोग्लोबिन वेगळे करून पाहिले. तो थॅलेसेमिया होता. भूमध्य समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या नेपाळी घरात! १९६० मध्ये हा अहवाल छापून आला. सैनिकांच्या कुटुंबात असा वारसा आहे, हे परवानगीविना छापले म्हणून लष्कराने वेदरॉल यांना दटावले. तेच वेदरॉल पुढे ऑक्सफर्डला या आजाराचे जगातले सर्वांत मोठे अभ्यासक झाले.

आशियात हा दोष इतका का, याचा तर्क त्याआधीच मांडला गेला होता. पुढे भारतात येऊन राहिलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये लिहिले की, ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला आहे त्याला कदाचित मलेरियापासून थोडे संरक्षण मिळत असावे. म्हणूनच जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत आला, तिथे असा दोष टिकून राहिला. १९८६ मध्ये पापुआ न्यू गिनी आणि शेजारच्या बेटांवरच्या पाहणीत अल्फा थॅलेसेमियाचे प्रमाण मलेरियाच्या तीव्रतेबरोबर वाढताना दिसले. फिलिपिन्स त्याच उष्ण, दमट, डासांनी भरलेल्या पट्ट्यात येते.

आता थोडे रक्ताच्या आत डोकावावे लागेल. हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांचे बनते, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. अल्फाची जनुके १६ व्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला, आणि तिथे ती जोडीने असतात. म्हणजे आईकडून दोन, वडिलांकडून दोन, एकूण चार. एखादे गेले तर माणसाला कळतही नाही. दोन गेली तर तांबड्या पेशी बारीक आणि फिकट होतात. अशा माणसाचे रक्त पाहून लोह कमी आहे असा समज सहज होतो आणि तो वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहतो. तीन गेली की ‘हिमोग्लोबिन एच’ नावाचा आजार होतो: कावीळ, वाढलेली प्लीहा, ताप आला की एकाएकी उतरणारे रक्त. आणि चारही गेली तर?

याचे उत्तर इंडोनेशियात मिळाले. १९६० मध्ये लिए-इंजो लुआन एंग या संशोधक डॉक्टरने सर्वांगाला सूज आलेल्या अर्भकाच्या रक्तात वेगळेच हिमोग्लोबिन दाखवले. अल्फा साखळी जवळजवळ नसल्याने त्या हिमोग्लोबिनला प्राणवायू धरता येतो, पण ऊतींना सोडता येत नाही. असे बाळ पोटातच किंवा जन्मल्यावर काही तासांत जाते आणि आईचाही रक्तदाब वाढून तिच्या जिवाला धोका होतो. आग्नेय आशियातल्या किती स्त्रियांनी अशी बाळंतपणे सोसली असतील, आणि किती जणींना त्याबद्दल बोल लावला गेला असेल, याची मोजदाद कुठेच नाही.

१९७४ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवले की, या बाळांची अल्फा जनुके बिघडलेली नसतात, ती मुळी जागेवरच नसतात. त्यांतल्या एका गटात युएट वाई कान होते, हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि सॅन फ्रान्सिस्कोत काम करणारे. दोन वर्षांनी त्यांच्याच गटाने पोटातल्या बाळाचा डीएनए तपासून या आजाराचे निदान केले. डीएनए पाहून जन्मापूर्वी केलेले ते पहिले निदान. प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावर चिनी, फिलिपिनो आणि थोड्याच वर्षांत लाओस-कंबोडियाची कुटुंबे येत होती. प्रश्न त्यांच्या रूपाने दवाखान्याच्या दारात उभा होता.

हवाईत तर तो घरोघरी होता. साकाडांत बायका फार थोड्या आल्या होत्या, त्यामुळे पुष्कळांनी दुसऱ्या वंशांत लग्ने केली. नातवंडांच्या पिढीत एकाच घरात इलोकानो आजोबा, चिनी आजी, पोर्तुगीज मामी अशी सरमिसळ. १९८० च्या दशकात हवाई विद्यापीठाचे एडवर्ड शिया यांच्या पुढाकाराने तिथे आनुवंशिक रक्तक्षयाची तपासणी आणि सल्ला देण्याची योजना चालली. तपासणाऱ्यांपुढचा पेच असा होता: चिनी वाहक आणि फिलिपिनो वाहक (म्हणजे स्वतः ठीक, पण दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारे) दोघांच्याही तांबड्या पेशी सारख्याच बारीक दिसतात. त्यांच्या आत गळालेला तुकडा मात्र एकच नव्हता.

तो फरक १९८८ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतून स्पष्ट झाला. फिशेल-घोडशियान, डग्लस हिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन नव्या लोपांचे, म्हणजे गळालेल्या तुकड्यांचे, वर्णन केले. एकाला नाव दिले ‘थाई’ आणि दुसऱ्याला ‘फिल’, म्हणजे फिलिपिनो. डीएनए ही अक्षरांची माळ धरली, तर आग्नेय आशियात सर्वत्र आढळणारा लोप सुमारे २०,००० अक्षरांचा. त्यात दोन्ही अल्फा जनुके जातात, पण त्यांच्या अलीकडे असलेले झीटा नावाचे जनुक शाबूत राहते. झीटा हे गर्भाच्या पहिल्या आठवड्यांतले अल्फा. अल्फा सुरू व्हायच्या आधी तेच काम करते. फिलिपिनो लोप ३०,००० अक्षरांच्याही पुढचा आहे आणि त्यात झीटासुद्धा गेलेले असते.

हा फरक कागदावर बारीक वाटतो. संसारात तो मोठा आहे. दोन्हीकडून आग्नेय आशियाई लोप आला, तर झीटाच्या आधाराने गर्भ पुष्कळ महिने तग धरतो आणि ते दुर्दैवी, सुजलेले बाळ जन्माला येते. दोन्हीकडून फिलिपिनो लोप आला, तर झीटाही नाही. गर्भ अगदी सुरुवातीलाच संपतो. आईला वाटते, दिवस गेले होते, गर्भ पडला. पण नवरा फिलिपिनो वाहक आणि बायको चिनी किंवा लाओसी वाहक असली, तर एका बाजूचे झीटा उरते आणि पुन्हा तोच भीषण शेवट शेवटच्या महिन्यांत समोर येतो. अशा जोडप्यात दर गर्भारपणी चारात एक शक्यता. तपासणी ‘आग्नेय आशियाई’ तुकड्यापुरतीच केली, तर फिलिपिनो जोडीदार निर्दोष ठरतो आणि डॉक्टर जोडप्याला खोटा दिलासा देऊन घरी पाठवतो. म्हणून त्या इवल्याशा ‘फिल’चे मोल मला फार वाटते.

बीटाची कथा आणखी दूर, आणखी थंड मुलखात घडली. १९६७ मध्ये कॅनडाने वंशाऐवजी शिक्षण आणि कौशल्याचे गुण पाहून माणसे घ्यायला सुरुवात केली. १९७३ पर्यंत ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांपुरते धोरण सोडले होते. १९७४ च्या कामगार संहितेनंतर फिलिपिन्स सरकारच आपली माणसे परदेशी कामाला पाठवू लागले. परिचारिका, मोलकरणी, खलाशी, गवंडी अशी माणसे जगभर पांगली.

त्यांच्या मुलांपैकी काही जण सहा महिन्यांचे, वर्षाचे होता होता मलूल पडू लागले. बीटा थॅलेसेमिया मेजरचे, म्हणजे आईबाप दोघांकडून बीटाचा दोष मिळालेले, मूल जन्मतः ठीक असते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन बीटावाचून चालते. ते ओसरले की मूल दूध सोडते, रडायलाही त्राण राहत नाही. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्ताची पिशवी. प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. ते हृदयात आणि यकृतात साचते. ते काढायला पूर्वी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून रात्रभर पंपाने औषध द्यावे लागे. एवढे सोसूनही अनेक मुले विशीच्या आत हृदय थकून जात.

अशा मुलांचा दोष शोधताना प्रयोगशाळांना चकवा बसत होता. तेव्हाची नवी पीसीआर पद्धत बीटा जनुकाच्या दोन टोकांना पकडून मधल्या मजकुराच्या प्रती काढते. वाहक माणसात एक जनुक धड असते, त्याच्याच प्रती निघतात आणि वाचणाऱ्याला सगळे ठाकठीक दिसते. ज्याच्यात दोन्हीकडे तुकडा गळाला आहे, त्याच्या रकान्यात जेलवर काहीच उमटत नाही. शेजारच्या रकान्यांत ठळक पट्ट्या आणि मधे एक कोरी जागा. ती कोरी जागा म्हणजे हातून झालेली चूक की हेच उत्तर, हे ठरवायला जुन्या पद्धतीने, किरणोत्सारी खूण लावून, क्ष-किरणांच्या फिल्मवर सगळे पुन्हा पाहावे लागे.

१९९३ मध्ये दोन ठिकाणांहून जवळजवळ एकाच वेळी उत्तर आले. सिडनीत रॉन ट्रेंट यांच्या गटाने फिलिपिनो रुग्णांत बीटा जनुक गिळणारा मोठा लोप वर्णन केला. त्याच वर्षी कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बॅरी एंग, डेव्हिड चुई, नॅन्सी ऑलिव्हिएरी, जॉन वे आदींनी एकाच फिलिपिनो कुटुंबात दोन नवे दोष शोधले. एक होता बीटा जनुकाचा असाच लोप. दुसरा अगदी चिमुकला: जनुकाच्या ६७ व्या शब्दातली दोनच अक्षरे गळालेली, पण त्यामुळे पुढचे सगळे वाचन बिघडलेले. एकीकडे हजारो अक्षरे, दुसरीकडे दोन, आणि परिणाम तोच, बीटा साखळी शून्य. वर्षभरात वे यांच्या गटाने मोठ्या लोपाची दोन्ही टोके शोधून साधी पीसीआर चाचणी बसवली. लोपाच्या अलीकडे आणि पलीकडे पकड घ्यायची. तुकडा गळाला असेल तरच ती टोके जवळ येतात आणि पट्टी उमटते. जिथे आधी कोरी जागा दिसत होती, तिथे आता खूण दिसू लागली. हा लोप सुरुवातीला सुमारे ४५,००० अक्षरांचा मानला गेला. पुढच्या मोजणीत तो लाखाच्या वर भरला.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. १९७९ मध्ये बॉस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी भारतीय वंशाच्या रुग्णांत बीटा जनुकाचा एक तुकडा गळालेला दाखवला. तो ६१९ अक्षरांचा लोप सिंधी समाजात विशेष आढळतो. फाळणीत घरदार सोडून उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या कुटुंबांनी तो नकळत बरोबर आणला होता आणि त्याची ओळख पटली तीही परक्या भूमीवर.

नावाचा प्रश्न फिलिपिनो लोपाच्या बाबतीतही उरलाच. १९९९ मध्ये मलेशियाच्या साबा प्रांतातल्या २० कुटुंबांचा अभ्यास आला, तेव्हा सगळ्यांत बीटा जनुकाचा एकच मोठा लोप निघाला, हाच फिलिपिनो म्हणवला जाणारा. ही कुटुंबे बोर्निओच्या मूळ रहिवाशांची. सुलू समुद्र ओलांडला की समोर फिलिपिन्स. ‘फिलिपिन्स’ हे नावच मुळी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरून सोळाव्या शतकात पडले. हा लोप बहुधा त्याच्या कितीतरी आधीपासून होड्यांतून या बेटांवर फिरत असावा. भूमध्य समुद्राच्या बाबतीत झालेली चूक पुन्हा व्हायला नको असेल, तर ‘फिलिपिनो’ हा शब्द रुग्ण आधी कुठे भेटला एवढेच सांगतो, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवायला हवे.

मग फिलिपिनो लोकांत याचे प्रमाण किती? याचा धांडोळाही आधी बाहेरच घेतला गेला. तैवानने १९९२ मध्ये परदेशी कामगारांना दार उघडले आणि फिलिपिनो कामगार तिथे मोठ्या संख्येने गेले. तिथल्या संशोधकांनी १९९८ आणि १९९९ मध्ये फिलिपिनो लोकांतल्या बीटा आणि अल्फा थॅलेसेमियाचे अभ्यास प्रसिद्ध केले. बीटाच्या दोषांत मोठा फिलिपिनो लोपच पुढे होता.

दरम्यान मायदेशात ‘कुलांग सा दुगो’, रक्त कमी आहे, एवढेच निदान ऐकून माणसे घरी परतत होती. तिथे चित्र पालटू लागले ते नवजात बाळांच्या तपासणीने. १९९६ मध्ये बालरोग आणि जनुकतज्ज्ञ कार्मेन्सिता पादिया यांच्या नेतृत्वाखाली मनिला परिसरातल्या २४ रुग्णालयांत ही तपासणी सुरू झाली. २००४ मध्ये तिचा कायदा झाला: बाळ जन्मले की आईबापांना या तपासणीची माहिती आणि संधी मिळालीच पाहिजे. पण त्या यादीत थॅलेसेमिया नव्हता. तो आला विस्तारित तपासणीबरोबर, २०१४ च्या अखेरीस. ओलाआच्या मळ्यावर पहिले साकाडा पोचले त्याला तोवर १०८ वर्षे झाली होती आणि ऑक्सफर्डने ‘फिल’ हे नाव दिले त्याला २६.

हा उशीर मला टोचतो. दोष मायदेशातल्या डॉक्टरांचा नाही. डीएनए तपासायला यंत्रे, रसायने आणि पैसा लागतो, आणि क्षयरोग, गोवर, हगवण यांनी मुले मरत असताना थॅलेसेमियाची पाळी मागे पडते. तरी ज्यांच्या रक्तातून हे सारे शिकले गेले, त्यांच्याच गावी ते सर्वांत शेवटी पोचले, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवली पाहिजे.

आज फिलिपिन्समध्ये बाळ २४ तासांचे झाले की त्याच्या टाचेला बारीक सुई टोचतात. रक्ताचे काही थेंब जाड गाळणकागदाच्या कार्डावर, छापील वर्तुळांत टिपतात, कार्ड आडवे ठेवून सुकवतात आणि तपासणी केंद्राकडे पाठवतात. कार्डावर आईचे नाव असते. चाळणीत हिमोग्लोबिन एचचा संशय आला, तर पुढच्या डीएनए तपासणीत आग्नेय आशियाई लोपाबरोबर फिलिपिनो लोपही शोधला जातो, आणि ती तपासणी आता मनिलातच होते.